राहूचं धड

‘उद्या जरा राहूला जाऊन येतो’ असं म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या माणसांचे चेहरे सहानुभूतीनं भरून येतात. एकजण हळूच विचारतो, ‘पत्रिकेत कितव्या घरात आहे?’ दुसरा त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींचा पत्ता देऊ करतो. तिसरा, ‘साडेसात वर्षांनी आपोआप सुटतं हो’ म्हणून धीर देतो. साडेसाती शनीची असते, राहूची नव्हे; पण धीर देणारा माणूस खातं तपासत बसत नाही. राहू हे गाव आहे, ते दौंड तालुक्यात आहे, तिथे माझे मामा राहतात आणि ते वक्री न जाता सरळ दोन पायांनी चालतात, एवढं पटवून देईपर्यंत लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचलेली असते.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं यवतपर्यंत जायचं आणि डावीकडे वळायचं. मुळा-मुठा ओलांडली की राहूचा टापू लागतो. उत्तरेला भीमा, दक्षिणेला मुळा-मुठा आणि मधल्या बेचक्यात ही गावं, म्हणून ह्या सगळ्या भागाला राहूबेट म्हणतात. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका. बेटावर ऊस, उसाच्या कडेला गुऱ्हाळं आणि अलीकडे उसाच्या पोटात बिबटे.

पण आज मला गावाइतकंच आकाशातल्या राहूबद्दल बोलायचंय. किंवा खरं म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल.

समुद्रमंथनाची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. अमृताच्या पंगतीत एक दैत्य देवांच्या रांगेत जाऊन बसला. सूर्य-चंद्रांनी चुगली केली, विष्णूनं चक्र सोडलं, मुंडकं एकीकडे उडालं नि धड दुसरीकडे पडलं. पण तोवर घोट घशापर्यंत गेलेला होता. त्यामुळे दोन्ही तुकडे अमर झाले. मुंडक्याचं नाव राहू, धडाचं नाव केतू. त्या रागानं राहू अधूनमधून सूर्याला गिळतो. गिळतो खरा, पण त्याला पोटच नाही! त्यामुळे गिळलेला सूर्य गळ्याच्या खालच्या बाजूनं जसाच्या तसा बाहेर येतो, आणि आपण ‘ग्रहण सुटलं’ म्हणून आंघोळीला जातो.

आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास, ग्रहण म्हणजे नुसता सावल्यांचा खेळ आहे, राहू-बिहू कुणी नाही, असं लिहून ठेवलं. तेव्हा खगोलशास्त्र म्हणून ही गोष्ट बाद झाली. पण रोज सकाळी बातम्या वाचणाऱ्या माणसाचं वर्णन म्हणून ती अजून नवीकोरी आहे.

पंचांगात दिवसातून दीड तास राहुकाळ असतो. तो वाराप्रमाणे बदलतो. आमच्या घरी तो बदलत नाही. सकाळी सात ते साडेआठ, बारा महिने. चहाचा कप डाव्या हाताला आणि जग उजव्या हाताला. पहिल्या पानावर कुठल्या पक्षातून कोण फुटलं. दुसऱ्यावर कुठल्या देवस्थानाचा वाद कोर्टात गेला. मग रेपो दर. मग कुठलं यान कुठल्या कक्षेत शिरलं. शेवटच्या पानावर कुणाचा सिनेमा किती कोटींचा झाला. हे सगळं आम्ही गिळतो. मग खाली बाकावर येऊन बसतो, आणि गिळलेला सूर्य गळ्याखालून बाहेर पडू लागतो. वाचलेलं जसंच्या तसं! रिझर्व्ह बँकेचं काय चुकतंय ते आमच्या बाकावर साडेनऊपर्यंत नक्की झालेलं असतं. पावणेदहाला भाजीवाला आला की जग जिथे होतं तिथे सोडून सगळे कोथिंबिरीकडे वळतात.

आपल्या भाषेनं इथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘मत’ हा शब्द तिनं दोन कामांना वापरलाय. एक मत पाच वर्षांतून एकदा द्यायचं. त्यासाठी रांगेत उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, बोटाला शाई लावून घ्यायची. दुसरं मत दिवसातून पन्नास वेळा द्यायचं. त्याला ना रांग, ना ओळखपत्र, ना शाई. आणि समाधान मात्र दुसऱ्यातच जास्त! काश्मीर, क्रिकेट, कृत्रिम बुद्धिमत्ता, काहीही असो. मत देऊन झालं की कसं मोकळं वाटतं, जणू काही त्या प्रकरणातला आपला वाटा भरून पावती घेतली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बातमी चालायची हळू, पण ती नेमकी जायची कुणाकडे ते बघा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते नानासाहेब पेशव्यांना दहाएक दिवसांनी, माळव्यात भेलशाजवळ, एका सावकारी पत्रातून कळलं. मोती किती गळाले नि मोहरा किती हरवल्या, अशा सांकेतिक भाषेत. ते पत्र ज्याच्या हातात पडलं त्याच्या हाताशी फौज होती, खजिना होता, आणि त्या मेलेल्या माणसांत त्याचा पोरगा होता. ते वाचून ‘माझं मत असं आहे की’ म्हणायची सोय त्याला नव्हती. ती बातमी पोटात गेली आणि पोटातच राहिली. त्याच वर्षी जून महिन्यात ते पर्वतीवर वारले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बातम्या फक्त पेशव्यांनीच वाचायच्या की काय? तसं मुळीच नाही. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा मराठी माणसाच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट झाली. ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांनाही कळायला लागलं. आणि कळता कळता, पिढ्या दोन-तीन जाऊन, त्यांच्या हातात काही यायलाही लागलं. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. अशी पत्रं ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी मोठ्यानं वाचून दाखवली. स्वराज्याची निदान एक वाट त्या ऐकण्यातून गेली आहे. तेव्हा मुंडकं असणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुंडकं हवंच. प्रश्न आहे तो खालच्या भागाचा.

नुसतंच कळलं आणि करण्यासारखं काहीच नसलं म्हणजे काय होतं, ते मी लहानपणी एकदा धडधडीत पाहिलंय. १९७९ चा जुलै महिना. अमेरिकेची ‘स्कायलॅब’ नावाची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा आकाशातून खाली यायची होती, आणि ती नेमकी कुठे पडणार हे अमेरिकेलाही सांगता येत नव्हतं. आमच्या वाड्यात मात्र सगळ्यांना सांगता येत होतं. मालकांच्या मते ती भाडेकरूंच्या बाजूला पडणार होती. भाडेकरूंच्या मते तसा न्याय जगात उरलेला नव्हता. एका काकूंनी वर्षाचं लोणचं घालायचं लांबणीवर टाकलं. एका काकांनी एल.आय.सी.चा हप्ता भरायचा की नाही ह्यावर घरात मतदान घेतलं. शेवटी ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्या-तुकड्यांनी पडली. आमचे पंधरा दिवस गेले, काकूंचं लोणचं गेलं, ऑस्ट्रेलियाचं कुणालाच काही वाटलं नाही.

त्याच वाड्यात माझी आजीही होती. तिच्याकडे बातम्यांची एक निराळी पद्धत होती. गावाकडून कुणी गेल्याचं कार्ड आलं की ती ते वाचून घ्यायची, तिथल्या तिथे फाडायची आणि बोटं मोजायची. जवळचा भाऊबंद असला तर दहा दिवस सुतक. लांबचा असला तर तीन. त्याहून लांबचा असला तर नुसती आंघोळ. मग ती मुकाट्यानं मोरीत शिरायची. त्यातला विटाळाचा भाग सोडून द्या, तो सोडलेलाच बरा. पण त्या मोजणीत मला आता एक शहाणपण दिसतं. बातमी आली म्हणजे देहानं काहीतरी करायचं. नुसतं ‘अरेरे’ चालायचं नाही. आणि किती करायचं ते नात्यानं ठरायचं. जगातल्या सगळ्या मेलेल्यांचं दहा दिवस सुतक धरलं तर माणूस आयुष्यभर शिवायच्या लायकीचा राहणार नाही. आणि कुणाचंच धरलं नाही तर तो माणूस राहणार नाही.

आजीच्या हिशेबात एकच अडचण होती. तिचं नातं रक्ताचं होतं. रक्ताबाहेरचं जग तिच्या बोटांवर मावत नसे. ही अडचण मला राहूच्या गुऱ्हाळावर जाणवली.

२०२३ च्या डिसेंबरातली १० तारीख, रविवार. गुऱ्हाळाचा भर हंगाम. चरकातून रस पडत होता, चुलवणात चिपाडं ढणढणत होती आणि काहिलीत रसाला उकळी आली होती. भेंडीचं पाणी पडलं की काळी मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मामा खाटेवर बसले होते. मी त्यांना आठवड्याचं जग समजावून सांगत होतो. आठवडाही तसाच भरगच्च होता. चार राज्यांचे निकाल लागून गेले होते आणि मध्य प्रदेश-राजस्थानला मुख्यमंत्री ठरायचे होते. ३७० कलमाचा निकाल दुसऱ्या दिवशी सुप्रीम कोर्ट देणार होतं. अयोध्येत जानेवारीतल्या प्राणप्रतिष्ठेची तयारी चालली होती. आपलं आदित्य यान सूर्याच्या दिशेनं निघालेलं होतं. दुबईत सगळ्या देशांची माणसं पृथ्वीच्या तापमानाचं काय करायचं ह्याची चर्चा करत बसली होती. आणि ‘अ‍ॅनिमल’ नावाचा सिनेमा बघावा की बघू नये ह्यावर अर्धा देश अर्ध्या देशाशी बोलत नव्हता.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. काकवीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं,

‘‘मंग?’’

‘‘मग काय, मामा? हे असं चाललंय.’’

‘‘चाललंय त्ये कळलं. मंग तू काय करनार?’’

मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी मोठमोठे ग्रंथ लिहिलेत, पण दोन अक्षरांत इतका अडचणीचा प्रश्न कुणी घातलेला मला ठाऊक नाही. मी काकवी चाटायला लागलो. काकवीचा हा एक फायदा आहे. तोंड चिकटतं.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. गावच्या ग्रुपवर निरोप होता, ओढ्याच्या कडेच्या उसात बिबट्या दिसला. मामा उठले. पोराला ट्रॅक्टर घेऊन ऊसतोड्यांच्या कोप्यांकडे पिटाळलं, लेकरं आत घ्यायला सांगितली. मामी शेरडं गोठ्यात बांधायला गेल्या. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या गड्याला, ‘एकटा जाऊ नगंस, बॅटरी घे, मोठ्यानं गानी लाव’ असं बजावलं. पंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते आणि बिबट्याही रात्रीचाच असतो, त्यामुळे तिकडे हे रोजचंच आहे. पाच मिनिटांत मामा परत खाटेवर आले. बातमी आली, हातापायांत उतरली, संपली. बिबट्या पाळावा की मारावा ह्यावर त्यांनी काही मत दिलं नाही. गुळव्या तर जागचा हललाही नाही. त्याचं लक्ष काहिलीत. त्याच्या जगात त्या घटकेला एकच बातमी होती, पाक कुठवर आला. ती दोन मिनिटं उशिरा कळली असती तर अख्खी काहिल करपली असती.

‘‘बघ,’’ मामा म्हणाले, ‘‘आमाला येवढीच बातमी पुरती. तुमचं जग तुमाला लखलाभ.’’

इथे निबंध संपवायला हरकत नव्हती. खेडेगावातला अडाणी दिसणारा म्हातारा शहरातल्या शिकलेल्याला एका वाक्यात गार करतो, ह्या थाटाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ खपतात. पण मी मामांचाच भाचा आहे. मी म्हटलं, ‘‘मामा, कांद्याचं काय झालं?’’

मामांचा चेहरा उतरला. आठच तारखेला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. बाजार पडला होता, आणि मामांचा कांदा काढणीला आलेला. त्याच्या आदल्या दिवशी, सात तारखेला, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला कारखान्यांना मनाई झाली होती. त्याचा उसाच्या दरावर काय परिणाम होईल ह्याची चर्चा खुद्द गुऱ्हाळावर, मी यायच्या आधी, तासभर झालेली होती. म्हणजे दिल्लीची बातमी नको म्हणणाऱ्या मामांच्या शेतात दिल्ली न विचारता येऊन बसली होती. ग्रुपवर निरोप न टाकता येणारा हा बिबट्या. तिथे बॅटरी चालत नाही आणि मोठ्यानं गाणीही चालत नाहीत.

तेव्हा मला केतू आठवला. आपण राहूला नावं ठेवतो, पण त्या दुसऱ्या अर्ध्याचं काय? हातपाय आहेत, पोट आहे, पहाटेपासून राबतो आहे, पण मुंडकं नसल्यामुळे घाव कुठून येतोय ते दिसत नाही. ‘आपण बरं, आपलं काम बरं’ हे वाक्य आपल्याकडे सज्जनपणाचं लक्षण समजतात. मला ते केतूचं ब्रीदवाक्य वाटतं.

मामांना ते पटलं असावं. कारण ते काही न बोलता उठले आणि मला नदीवर घेऊन गेले. गुऱ्हाळाच्या वासातून बाहेर पडलो तो नदीच्या वासात शिरलो. मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरलेली, मधेच फेस.

‘‘तुमच्या पुन्याची बातमी आमाला रोज येती,’’ मामा म्हणाले. ‘‘पेपरात न्हाय येत. हितं येती.’’

मी गप्प राहिलो. पुणेकरांची सकाळ जिथे सुरू होते तिथून निघालेलं पाणी पुढे ह्याच काठानं जातं. त्यातलं शुद्ध किती करून सोडायचं, ह्यावर २०१६ साली जपानच्या मदतीनं सुमारे ९९० कोटींची योजना मंजूर झालेली. आणि आमच्या बाकावर गंगा का शुद्ध होत नाही, ह्यावर सर्वांचं एकमत असतं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचं आम्हांला वाईट वाटतं. ध्रुवावरचं बर्फ वितळतंय म्हणून काळजी वाटते. राहूची नदी बाकावर कधी निघत नाही. ती फार जवळ आहे. चष्मा लांबचा आहे आमचा.

इथेच आजीचा हिशेब दुरुस्त करायला हवा, असं मला वाटतं. नातं रक्तानं ठरवायचं नाही आणि अंतरानंही नाही. ज्या गोष्टीला आपला हात लागतो, भला किंवा बुरा, ती आपली जवळची. जिथे आपलं सांडपाणी जातं तो आपला सपिंड, दहा दिवसांचा. जिथला कांदा आपण वीस रुपयांना मागतो तो शेतकरी निदान तीन दिवसांचा. आणि जिथे आपला हात पोचतच नाही, कुठल्या तरी दूरच्या लढाईत मेलेलं पोर, त्याच्यासाठी नुसती आंघोळ. म्हणजे क्षणभर गप्प बसायचं आणि त्याच्यावर मत द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. करून बघा.

अ‍ॅडम स्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी ह्यावर एक मासला दिला आहे. अर्थशास्त्राचे आद्यपुरुष म्हणून त्यांचं नाव मोठं, पण त्याआधी ते नीतिशास्त्र शिकवत. ते म्हणतात, समजा सगळा चीन भूकंपात गडप झाला. युरोपातला एक दयाळू माणूस ते ऐकून हळहळेल, मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल, युरोपच्या व्यापारावर काय परिणाम होईल तेही सांगेल, आणि रात्री घोरत पडेल. पण उद्या त्याची स्वतःची करंगळी कापायची ठरली तर आज रात्री त्याचा डोळा लागणार नाही. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी स्मिथसाहेबांना आमचा बाक दिसला होता, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण स्मिथ तिथे थांबत नाहीत. ते पुढे विचारतात, की ह्याच माणसाला म्हटलं, तुझी करंगळी वाचवायला तो सगळा चीन बुडू दे, तर तो ‘बुडू दे’ म्हणेल का? नाही म्हणणार. नुसत्या विचारानं शहारेल. म्हणजे वाटणं तेवढंसं नाही, पण योग्य-अयोग्य कळतं. निर्णय त्याच्या हातात दिला की तोच घोरणारा माणूस माणसासारखा वागतो. स्मिथ ह्याचं श्रेय आतल्या आवाजाला देतात. मला त्यात आणखी एक दिसतं. त्याला धड दिलं की त्याचं मुंडकं सुधारतं. नुसतं कळवत राहिलात तर तो घोरणारच.

हे नुसतं पुस्तकी नाही. महाराष्ट्रानं एकदा हे करून दाखवलंय. १९७२ चा दुष्काळ. त्याआधीची दोन वर्षंही पावसाची वाईट गेलेली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, बांध घालत होती. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे पेपरातून रोज कळत होतं. तो हळहळतही होता. पण वि. स. पागे नावाचे एक गृहस्थ विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या डोक्यात त्याच्याही आधीपासून एक कल्पना होती. जो काम मागेल त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे. सांगली जिल्ह्यात विसापूरला त्यांनी ती १९६५ साली करून पाहिली होती. दुष्काळात तीच रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली देशभराचा रोजगार हमीचा कायदा आला तेव्हा त्याच्यापुढे नमुना ह्याच कायद्याचा होता.

ह्याला पैसे कुठून आणायचे? १९७५ साली शहरातल्या नोकरदारांच्या पगारावर एक कर बसला, व्यवसाय कर. जितके पैसे ह्या करातून जमतील तितकेच सरकारनं त्यात घालायचे. म्हणजे मंत्रालयासमोरच्या कचेरीतला कारकून, ज्यानं दुष्काळी गावातली भेगाळलेली जमीन फक्त फोटोत पाहिली होती, त्याच्या पगारातून दर महिन्याला काही रुपये निघायचे आणि त्या जमिनीवर कुणाला तरी दिवसभराचं काम मिळायचं. बातमी मुंडक्यातून निघून खिशापर्यंत आली. बातमीला धड फुटलं.

मी नोकरीत होतो तेव्हा माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ‘पी.टी.’ असं लिहिलेलं असायचं. दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. त्या दोनशे रुपयांवर आमच्या ऑफिसात जितकी कुरकूर ऐकली तितकी महागाईवरही ऐकली नाही. ते दोनशे कशातून आले हे मात्र कुणी कधी बोललं नाही. जगात सगळ्यात जास्त मतं देणाऱ्या त्या ऑफिसात, ज्या एका गोष्टीत आम्ही खरोखर काही करत होतो, तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. राहू एका टेबलावर, केतू दुसऱ्या टेबलावर.

तेव्हा पेपर बंद करा असं मी म्हणणार नाही. पेपर बंद करणाऱ्याची नदी कुठे जाते ते आपण पाहिलं. आणि प्रत्येक बातमीमागे धावत सुटा असंही म्हणणार नाही. एका माणसाला एकच धड असतं, शंभर बातम्यांना ते पुरायचं नाही. ज्ञानेश्वरांनी अवघ्या विश्वासाठी पसायदान मागितलं खरं, पण आधी नऊ हजार ओव्यांचं काम हातावेगळं केलं होतं. आपल्याला तेवढंही नको. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो. बाकीचं पाणी वाफ होऊन जातं, मळी काढून टाकतात, चिपाडं जाळतात. बातम्यांत तेवढा उतारा पडला तरी पुष्कळ. वर्षाकाठी एक बातमी निवडावी, जिला आपला हात खरोखर पोचतो. तिच्याबद्दल दोन मतं कमी द्यावीत आणि एक अर्ज जास्त करावा. एखाद्या सभेला जावं. सोसायटीचं पाणी कुठे जातं ते विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं. बाकी नव्व्याण्णव बातम्या वाचताना मामांचा ‘मंग?’ तेवढा कानाशी ठेवावा. त्यानं झोप उडणार नाही, पण घोरणं जरा कमी होईल.

ज्योतिषी सांगतात, राहू आणि केतू कुंडलीत नेहमी एकमेकांपासून सातव्या घरात असतात, अगदी समोरासमोर. दोघे एकाच वेगानं, एकाच उलट्या दिशेनं फिरत राहतात, त्यामुळे त्यांची गाठ कधी पडत नाही. हे खगोलशास्त्रालाही मान्य आहे. आकाशात त्यांची भेट होण्याची काहीच सोय नाही. ती सोय आहे फक्त माणसाच्या मानेपाशी.